वजाबाई

माझं शिक्षण वजाबाकीपर्यंत झालं. भागाकार पुढच्या वर्षी होता, पण पुढच्या वर्षी धाकट्या भावंडांना सांभाळायला मला घरी ठेवून घेतलं, तेव्हा तो राहूनच गेला. मोठेपणी घरात वाटण्या झाल्या तेव्हा ज्याने त्याने आपापलं उचललं, मला भागाकार विचारायला कोणी आलं नाही. वजाबाकी मात्र मला येते, हातच्यासकट येते. म्हणून आमच्या सुनेविषयी लिहायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजते. कारण ही बाई पगार घेऊन वजाबाकी करते. कामावर तिला सगळे वजाबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते.

वजाबाकी कसली, हे समजायला मला बराच काळ लागला. समजलं तसं सांगते. जग जन्मलं तेव्हा सगळं भट्टीसारखं धगधगत होतं. मग ते पसरलं, निवलं. त्या धगीतून सुटलेला पहिला उजेड अजून फिरतोच आहे. निवून निवून इतका गार झालाय की डोळ्यांना दिसत नाही, नुसती जराशी ऊब उरली आहे. कुठेही तोंड करा, आकाशातून ती येते. मी त्याला शिळा उजेड म्हणते. सुनेने हा शब्द एकदा तिच्या साहेबांसमोर वापरला, तर ते म्हणाले, "पैसे देणाऱ्यांसमोर हा शब्द तेवढा वापरू नकोस."

ही ऊब मोजायला एक उपग्रह लांब अंतराळात ठेवलाय. तो स्वतःभोवती फिरत आकाश चाचपतो, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा. सहा महिन्यांत सगळं आकाश चाचपून होतं, की पुन्हा पहिल्यापासून. आता पहिल्या फेरीच्या चित्रातून दुसऱ्या फेरीचं चित्र वजा केलं तर काय उरायला हवं? काही नाही. आकाश काही सहा महिन्यांत बदलत नाही. उरलंच काही, तर ते मोजणाऱ्याचं. म्हणजे ताप पोराला नाही, आपलाच हात गरम.

सून नवी असताना एकदा घरात नाचत आली, "आई, काही नाही आलं!" मला वाटलं बिचारी नापास झाली. मी पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "येईल गं पुढच्या वेळी." तर ही खो खो हसत सुटली. तेव्हापासून आमच्या घरात 'काही नाही' ही आनंदाची बातमी आहे.

आमच्या जाऊबाईंना हे काही पटत नाही. नातीच्या वाढदिवसाला सून उशिरा आली तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत टोमणा मारला, "जगाचा जन्म शोधते, आणि पोरीचा विसरते!"

सून चपला काढता काढता म्हणाली, "काकू, पोरीच्या जन्माला मी जातीने हजर होते, तो शोधावा लागत नाही. जगाच्या वेळी आपल्यातलं कोणीच नव्हतं."



तर अशी ही बाई. आता मुख्य गोष्ट.

त्या शिळ्या उजेडात एक बारीकसा पीळ असावा, अशी या लोकांची अटकळ आहे. जगाच्या अगदी पहिल्या क्षणी जी थरथर झाली, तिची ती खूण. तो पीळ ज्याला सापडेल त्याचं नाव राहणार. आणि साहेबांना तो सापडला. सगळा गट हवेत होता. आमची सून तेवढी जमिनीवर, कारण तिच्या वजाबाकीत पहिल्यांदाच काहीतरी उरलं होतं. वर्षातले काही आठवडे उपग्रहाच्या एका कुशीला ऊन लागत होतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यांच्या मोजणीत डाग पडला होता. म्हणजे हात गरम.

ती अडून बसली. मग रविवारी दुपारी साहेब स्वतः घरी आले. हातात फळांची पिशवी, जणू घरात कोणी आजारी आहे.

"मावशी," ते मला म्हणाले, "तुमच्या सुनेचं डोकं सोन्याचं आहे, पण मान लोखंडाची."

"सोनं जड असतं, साहेब," मी म्हटलं. "लवचीक मानेवर ते राहायचं कसं?"

ते हसले. माणूस वाईट नव्हे. केस काळे होते तेव्हापासून त्या पिळामागे लागलेले, आणि दुसरे दोन गट मागून धावत येताना त्यांना ऐकू येत होते.

"अगं, उन्हाचे आठवडे तपासणीतून काढून टाकलेत," ते सुनेला म्हणाले. "आता वजाबाकी स्वच्छ आहे. काही उरत नाही. तुला हेच हवं असतं ना?"

"आणि पिळाच्या चित्रातून काढलेत?"

"तिथे राहतील. त्यांच्याशिवाय पीळ उठून दिसत नाही."

"उठून दिसत नाही, की दिसतच नाही, सर?"

साहेबांनी चहा ढवळला. साखर त्यांनी घातलीच नव्हती.

"शोधनिबंधावर तुझं नाव राहू दे आमच्याबरोबर," शेवटी ते म्हणाले. "नाव काढलंस, तर महिनाअखेर तुझी जागा मला टिकवता येणार नाही. मी धमकी देत नाहीये."

"मग काय देताय, सर?"

त्यांनी कप खाली ठेवला. ही म्हणाली, "वजाबाकी आहे तशी दाखवा. नाहीतर माझं नाव काढा. काढायचं तर दोन्हीकडून काढायचं, ठेवायचं तर दोन्हीकडे ठेवायचं. वजाबाकीत तेवढा एकच नियम आहे."

नाव निघालं.

फळं मात्र साहेब तशीच ठेवून गेले. माझा लेक लिफ्ट दुरुस्त करतो. तो त्यातलं एक सफरचंद कापत म्हणाला, "हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये गं. एक नाव ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तू दोर झिजलेल्या लिफ्टवर 'ठीक आहे' अशी चिठ्ठी लावशील?"

"त्यात माणसं असतात."

"यातही असतात. पुढे पोरं याच चित्रावर पाय ठेवून वर चढणार आहेत."

लेकाने सफरचंदाची मोठी फोड तिच्या हातात दिली. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

पीळ जाहीर करायचा दिवस आला. सभागृह सगळ्यांना खुलं होतं. सून म्हणाली, "आई, येता?" मी चांगल्या चपला घातल्या. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. पडद्यावर चित्र आलं. पीळ देखणा होता हो, खोटं कशाला बोलू? टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवणार होते, तेवढ्यात सुनेने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

मग प्रश्न विचारायची वेळ झाली. हिने हात वर केला. माइक पुढच्याकडे गेला, बाजूच्याकडे गेला, पुन्हा पुढच्याकडे गेला. शेवटी ही उभीच राहिली. आमच्या सुनेच्या आवाजाला माइक लागत नाही.

"उन्हाचे आठवडे या चित्रात आहेत का?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. साहेब म्हणाले, "आहेत."

"आणि तपासणीत?"

पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "हे नंतर निवांत बोलता येईल."

"निवांत नको. हो की नाही, एवढंच सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाहीत," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हे, मी म्हटलं होतं.

मग सभागृहात जी कुजबुज सुरू झाली ती त्या टाळ्यांपेक्षा मोठी होती. 'पीळ सापडला'चं पुढे 'सापडला असावा' झालं, आणि नंतर 'अजून तपासायला हवं' झालं. हिची जागा गेली ती मात्र गेलीच.

आता ती सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारी माझ्या पलंगाशेजारी टेबल लावून बसते. उपग्रहाची मोजमापं काही काळाने सगळ्यांसाठी खुली करतात, तीच घेऊन. उन्हाचे आठवडे तिने दोन्हीकडून काढले आणि सगळी वजाबाकी मुळापासून पुन्हा केली. परवा खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "आई, काही नाही! डागही नाही, पीळही नाही. शोध अजून बाकी आहे." आणि ज्या आनंदाने म्हणाली, तो तुम्ही पाहायला हवा होता. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. आकाशातल्या पिळाचं मला माहीत नाही, आमच्या टेबलाशी बसलेला रोज पाहते.

काल जाऊबाई आल्या. टेबलाकडे बघून, आवाज मुद्दाम न उतरवता त्यांनी मला विचारलं, "एवढी भांडली, नोकरी घालवली. शेवटी मिळालं काय तुमच्या सुनेला?"

"काही नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं.