दादासाठी बसायचा बैल: मोखाडा ते दाभोसा

माझ्या दादाने बैलावर बसायचं ठरवलं, तेव्हा घरातल्यांनी आधी हसून घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. दादा शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेला. त्र्यंबकजवळ गावी आमची थोडी जमीन आहे, तिचा वरचा तुकडा डोंगराच्या अंगाला. तिथे वहिनीने लावलेले आंबे आहेत. वहिनी गेली, मग दादाचे गुडघे गेले. वर जीप जात नाही, त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून तो तिकडे फिरकलाच नव्हता. मुलगा म्हणाला, तुकडा विकून टाकू. त्यावर दादाने मोबाईलवर बैलावरून रपेट करणाऱ्या कुणा परदेशी बाईचा व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला.

सोबत मी हवी होते, कारण तू वेडा आहेस असं त्याच्या तोंडावर सांगणारी घरात मी एकटीच.

भात कापून झालं होतं, रस्ते कोरडे होते. नाशिकहून एसटीने त्र्यंबक ओलांडून मोखाड्याला उतरलो. वळणं पोटात ढवळतील अशी आहेत, तेव्हा न्याहारी मोखाड्यातच करा. नेमका आठवडे बाजार होता, आणि घाटावरचा एक व्यापारी खिलार खोंड घेऊन उभा होता. पांढराशुभ्र, लांब शिंगांचा, मान ताठ. दादा त्याच्याकडे नवरी बघायला आल्यासारखा बघत राहिला. तेवढ्यात मागून जीपचा हॉर्न वाजला आणि खोंडाने कासऱ्यासकट उडी घेतली. कासरा धरणारा दोन्ही पायांवर घसरत गेला.

"तेज आहे," दादा म्हणाला.

व्यापारी मात्र सरळ माणूस निघाला. "हा पळायला आहे, साहेब. तुम्हाला नेईल. परत आणायला दुसरं कुणी ठेवा."

संध्याकाळी शेअर जीपने जव्हार. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावरही आणखी चौघे कुठे बसतात ते मला अजून कळलेलं नाही. जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी मिळाली. जेवताना दादाने मला बैलांच्या जाती शिकवल्या. गीर शांत, पण अंगाने अवजड, डोंगरात त्याचं काम नाही. खिलार आपण पाहिलाच. राहिला इथलाच डांगी. चालीला धिमा, पण खूर काळे आणि टणक, कातडी तेलकट, धो धो पावसात उभा राहिला तरी आजारी पडत नाही. वय झालेला घेऊ नये, फार कोवळ्यावर बसू नये. हे सगळं बरोबर होतं, असं नंतर गुरांच्या डॉक्टरांनीही सांगितलं. तेव्हा मी फक्त आणखी चटणी मागितली.

दुसऱ्या दिवशी पोशेऱ्यात ठिपक्याठिपक्यांचा एक देखणा डांगी पाहिला. मालक म्हातारे होते. बैल कशाला हवा ते ऐकल्यावर त्यांनी कोरा चहा दिला आणि नम्रपणे नाही म्हणाले. जो नांगर ओढतो त्याच्या पाठीवर आम्ही बसत नाही, एवढंच कारण. दादा वाद घालायला लागला, मी त्याचा चहा त्याच्या हातात दिला. निघताना मात्र त्यांनीच दाभोशाच्या मेहुणीचं, सोनीबाईचं नाव सांगितलं. तिचा एक बैल पावसाळ्यात मेला होता. उरलेला एकटा, नांगराला निरुपयोगी. तिची मुलं दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्यावर बसूनच गुरं चारायला जायची, आता ती भिवंडीला कामाला होती.

दाभोशात सोनीबाईने बैलाआधी आम्हालाच नीट पाहून घेतलं. बैल मोऱ्या, पांढऱ्यावर काळे डाग, आखूड शिंगं, डोळे अर्धे मिटलेले. दादाचा आकार पाहून ती म्हणाली, "आधी बाईला बसव."

म्हणून दाभोशात बैलावर पहिली बसले मी. वशिंडाच्या मागे गोधडी टाकून, दगडावरून चढून. पाठ खालून डुलत होती आणि उतरायचं कसं हा विचार पहिल्या पावलालाच आला. नदीच्या वाटेवर एक जीप अगदी अंगावरून गेली. मोऱ्याने कान हलवला. मग पेंढ्याची गंजी दिसली आणि तो थांबला. दादाने शाळेतली शिट्टी काढून फुंकली. मोऱ्या चघळत राहिला. दादाने कासरा ओढला.

"ओढू नको, मास्तर. बोलव," सोनीबाई म्हणाली, आणि जिभेने टाळूवर टक् केलं. मोऱ्या निघाला.

दुपारभर दादा टक् टक् करत अंगणात फिरला. उन्हं कलताना तो स्वतः बसला. त्या क्षणी मला चेष्टा सुचली नाही. माझ्या भावाचा चेहरा असा मी वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता.

सोनीबाईची अट एकच होती, बैल पुन्हा जुवाखाली घालायचा नाही. दादाने वहिनीची शपथ घेतली. डॉक्टरांचा दाखला काढून टेम्पोने मोऱ्याला गावी नेलं. दादा महिनाभर नुसता त्याच्या शेजारून चालला, मग धान्याचं पोतं लादून पाहिलं, मग स्वतः बसला. एका सकाळी दोघं वर पोहोचले. आंब्यांना मोहोर होता. तुकडा विकायचं मुलगा आता बोलत नाही. नातवंडांना घेऊन येतो आणि मोऱ्यावर बसायच्या रांगेत उभा राहतो.

मी नाशिकला परत आले ती मांड्या धरून. तुम्ही बसणार असाल तर गोधडी जाड घ्या आणि डांगी बघा, खिलार लांबून बघा.

होळीनंतर सोनीबाई दोन दिवस गावी राहून गेली. गोठ्यात मोऱ्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत बराच वेळ उभी होती. त्याने मान तिच्या खांद्यावर टाकली. दादाने घाबरत विचारलं, त्याला परत न्यायचं आहे का.

"नाय," ती म्हणाली. "त्याला हितं बरं हाय. मलाच त्याच्याबिगर बरं नव्हतं."

मग तिने पदराने डोळे पुसले आणि जीप चुकेल म्हणून दादालाच घाई केली.