इंदूरला गेलेलं सामान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हा किस्सा सांगताना मला स्वतःला काही हसू येत नाही. शहाणपणा करायला गेलो आणि असा तोंडावर आपटलो, की आमच्या परळच्या चाळीत आता कुणी जास्त हिशेबीपणा दाखवला की लोक म्हणतात, 'परब होऊ नकोस.' परब म्हणजे मीच. दिलीप परब. नाव निघालं ते असं!

झालं काय, आमच्या कंपनीनं अख्खं हिशेब खातं उचललं आणि इंदूरला नेलं. खात्याबरोबर मलाही. रिटायरमेंट अगदी दारात आलेली. या वयात राजीनामा देऊन जाणार कुठे? त्यात खोली भावाच्या नावावर, त्याच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. म्हणजे खोली पूर्ण रिकामी करून द्यायची. ज्या खोलीत जन्मलो ती खोली! ऑफिसातून घरी आलो की मी नुसता गॅलरीत उभा राहायचो. चहा गार व्हायचा तरी कळायचं नाही.

दुःख झालं की काही लोक देवळात जातात, काही बारमध्ये जातात. मी बजेट करतो. सवयच आहे तशी. कंपनीनं सामान हलवायला ठोक रक्कम दिली होती. कमी खर्चात भागवलं तर उरलेले आपले! मला तेवढाच एक आशेचा किरण दिसत होता.

पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांना फोन लावले. पहिल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी विचारलं, "अहो, यात इंदूर पण मिळणार आहे का?" त्यानं फोन ठेवला. दुसरा जरा माणसात होता. म्हणाला, "आमचा सर्वेवाला रविवारी येईल, सामान बघेल, मग फायनल रेट देऊ."

सामान बघेल! म्हणजे जेवढं दिसेल तेवढ्याचे पैसे. माझ्या डोक्यात लख्ख वीज चमकली. दिसलंच नाही तर?

आता इथे माझ्या बायकोचं, सुनंदाचं सांगायला हवं. इंदूरचं नाव काढल्यापासून ती फार बोलत नव्हती. रडली नाही, भांडली नाही. एकदाच म्हणाली, "माझी एकच अट. सासूबाईंचा पाटा-वरवंटा येणार. पाटा आला तर मी आले."

आमच्याकडे मिक्सर आहे हो. पण तो चटणीपुरता. माशाच्या कालवणाचं खोबऱ्याचं वाटप पाट्यावरच वाटायला हवं. आणि हा पाटा म्हणजे असा काळाकभिन्न दगड, की उचलताना पूर्वज आठवतात. मूव्हर्सवाला त्या एका दगडाचे किती लावेल, याचा हिशेब मी मनात करूनही टाकला. पण मी म्हटलं, "येणार म्हणजे येणार." मग ती आठवडाभर कुडाळला आईकडे गेली. जाताना म्हणाली, "बांधाबांध तुम्ही करा. तुम्हाला आवडतं."

माझा बेत अगदी सोपा होता. शनिवारी जड सामान शेजारीपाजारी ठेवायचं. रविवारी सर्वेवाला मोकळी खोली बघून स्वस्त रेट देणार. मग तो गेला की सगळं हळूच परत आणायचं आणि ट्रक आला की चढवायचं. चहापाण्याला पैसे दिले की हमाल कशाला बोलतात? आता तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यांना हे सांगायचं ना! अहो, कसं सांगणार? दोन पैशांसाठी माणूस काय थराला जातो, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं? म्हटलं, काहीतरी बोलू वेळेवर.

पण बोलायची वेळच आली नाही. पोटमाळ्यावरचं सामान काढायला चढलो आणि धुळीनं असं काही धरलं मला! डोळे लाल, नाकातून धार, घसा बसलेला. त्या अवस्थेत मी तो पाटा छातीशी धरून शेजारच्या घाडीकाकूंच्या दारात उभा राहिलो. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पाट्याकडे पाहिलं. आणि पदर डोळ्यांना लावला.

"रडा नको रे झिला," काकू म्हणाल्या. "जाणारो माणूस गेलो तरी त्येची वस्तू मागे रवता."

म्हणजे मी जवळपास मेलोच होतो!

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. आमच्या चाळीत कुणी खोली सोडून निघालं, की जाताना शेजाऱ्यांना काहीतरी देऊन जातं. कुणी कढई देतं, कुणी पंखा. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे ती. माझ्या डोक्यात मूव्हर्सवाल्याचा रेट होता, म्हणून मला ती आठवली नाही. बाकी सगळ्या मजल्याला आठवली.

समोरचा राजू पेडणेकर तर माझा लंगोटीयार. लोखंडी कपाट त्याच्याकडे सरकवताना मी मोठ्या कष्टानं म्हटलं, "राजू, ऐक ना, हे..." आणि पुढे खोकलाच.

"बस कर यार," राजू म्हणाला. "एक शब्द बोलू नकोस. मला समजलं."

"अरे, तसं..."

"बोललो ना, समजलं!" आणि त्यानं मला मिठी मारली. त्याच्या खांद्यावर मी दोनदा शिंकलो. त्याला वाटलं, हुंदके!

पाण्याचं मोठं पितळी पिंप कोपऱ्यातल्या शिंद्यांकडे गेलं. तिथे तर मी बोलायचा प्रयत्नही केला नाही.

रविवारी सर्वेवाला आला. खोलीभर नजर फिरवली. एक गादी, दोन बॅगा, चार भांडी.

"अंकल, एवढंच?"

"आम्ही साधी माणसं."

"नाही म्हणजे... इतकी वर्षं राहताय ना इथे?"

बिचाऱ्याला माझी दया आली. रेट इतका कमी दिला की मी दार लावून एकटाच टाळी वाजवली. कित्येक दिवसांनी मला बरं वाटत होतं. अगदी अर्धा तास.

मग निघालो सामान परत आणायला. आधी राजूकडे. कपाटाला त्यानं ओलं फडकं मारून लख्ख केलं होतं. वहिनींनी आत साड्यासुद्धा लावल्या होत्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून कपाट कपाट करत होते मी. तुम्ही हक्काचं माणूस म्हणून दिलंत. यांना काल जेवण गेलं नाही." तुम्ही असतात तर काय बोलला असतात? मी म्हटलं, "बिजागरीला तेल घाला." आणि बाहेर आलो.

घाडीकाकूंकडे तर पाट्याला हळदकुंकू लावलेलं. शेजारी खोबऱ्याचं वाटप, आणि वाटीभर माशाचं तिखलं माझ्यासाठी झाकून ठेवलेलं. तो वास नाकात गेला आणि यावेळी डोळ्यांत पाणी आलं ते धुळीचं नव्हतं. मी वाटी घेतली, आलो.

मी विचार केला, हळूहळू सांगू. एकेकाला गाठून सांगू. तेवढ्यात राजूनं चाळीच्या ग्रुपवर कपाटाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'जाता जाता दिलीपनं आयुष्यभराची वस्तू दिली. असा शेजारी परत मिळणे नाही.' आणि हात जोडलेल्या खुणांची रांग. फोटोच्या खाली पन्नासेक लोकांनी मला श्रद्धांजली वाहिली म्हणा ना!

बरं, आमच्याकडे घेतलेल्या भांड्यात काहीतरी घालूनच ते परत देतात. मग कपाटाच्या बदल्यात काय देणार? त्या दिवसापासून दारात रीघ लागली. भिंतीवरचं घड्याळ आलं. दुसरं घड्याळ आलं. तिसरं आलं, त्यात दर तासाला पक्षी ओरडतो. मंडळाच्या गणपतीची माझ्या उंचीची फ्रेम आली. शिंद्यांनी काचेच्या पेटीतलं गलबत दिलं, शिडांसकट. निरोपसमारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि भाषणं तर अशी झाली की माझ्याबद्दल इतकं चांगलं ऐकून मलाच संशय आला, हा दिलीप परब नक्की कोण? खरं सांगतो, गॅलरीत त्या सगळ्यांच्या मधे खुर्चीवर बसलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

निघायच्या दिवशी ट्रक आला. हमालांनी खोलीत पाऊल टाकलं आणि मुकादमानं कागद काढला.

"साहेब, सर्वेला तर गादी आणि बॅगा लिहिल्यात. हे दुकान कुठून आलं?"

"भेटी आहेत."

"काचेचं सामान आहे सगळं. लाकडी पेटी करावी लागेल. रेट बदलणार."

बदलला! पहिल्या माणसानं सांगितलेला आकडा होता ना, इंदूरसकटचा? त्याच्याही वर गेला. माझी स्वतःची एक वस्तू ट्रकमध्ये धड नव्हती आणि कंपनीची ठोक रक्कम संपून खिशातले चालले होते.

एवढ्यात सुनंदा आली. दादरला उतरून टॅक्सीनं थेट. तिनं ट्रककडे बघितलं, गलबताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पाटा चढवला?"

मी घाडीकाकूंच्या दाराकडे बोट दाखवलं. ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा चेहरा अगदी शांत होता. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झाला असता तर बरं झालं असतं.

"काकू म्हणाल्या, रडत रडत दिलात."

"हो... म्हणजे..."

"चांगलं केलंत. ट्रक जाऊ दे." मग चपला काढून ती रिकाम्या खोलीत लादीवर बसली. "मी नाही येत. अट सांगितली होती मी. लग्नाला अजून वेळ आहे, तोवर खोली मोकळीच आहे. तुम्ही व्हा पुढे."

मी खूप विनवण्या केल्या. हात जोडले. राजूला मध्ये घातलं. पण एकदा शांतपणे बोलली की ती ऐकत नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. सुनंदाचं तिकीट रद्द करून संध्याकाळच्या गाडीनं मी एकटा निघालो. शेजारचा बर्थ रात्रभर रिकामा होता आणि त्यावर मी शाल आणि श्रीफळ ठेवलं होतं.

इंदूरला घर लावलं. घर कसलं, घड्याळांचं दुकान. तिन्ही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात आणि पक्षी तर मनाला येईल तेव्हा ओरडतो. मी सकाळी पोहे खातो. संध्याकाळीही पोहे खातो. माणसं चांगली आहेत इथली, पण कुणाच्या दारात असंच जाऊन उभं राहता येत नाही.

एका रविवारी सुनंदाचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या मागे गेलं.

"ते... ते आपलं कपाट ना?"

"हो. राजूभाऊजींनी परत आणून ठेवलं. म्हणाले, वहिनी इथे आहेत तर कपडे कुठे ठेवणार? शिंद्यांनी पिंप आणलं."

"आणि पाटा?"

तिनं फोन खाली वळवला. पाटा होता, त्यावर लालभडक वाटप होतं, आणि तिनं फोन डब्याला टेकवून वाटायला सुरुवात केली. "बांगडे आहेत आज," ती म्हणाली.

मला राहवेना. म्हटलं, "सुनंदा, खरं सांगू? मी ते कुणाला दिलं नव्हतं गं. सर्वेवाल्यापासून लपवलं होतं. रेट कमी यावा म्हणून."

"ठाऊक आहे."

"काय?"

"अहो, चाळीच्या नळाची वॉशर बदलली तरी तुम्ही घरटी वर्गणी काढता. तुम्ही कपाट देणार?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? काकूंनी लगेच परत दिला असता पाटा!"

"त्या देतच होत्या. मीच म्हटलं, राहू दे."

"का पण?"

वरवंटा थांबला.

"पाटा आला असता तर मला यावं लागलं असतं ना," ती म्हणाली.

इतकी वर्षं घरातल्या प्रत्येक गोष्टीचा अंदाज बांधला मी. हिच्या मनात काय आहे, ते मात्र एकदाही विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. येईन म्हणालीय, लग्न उरकलं की. तारीख काही दिलेली नाही.

तर मंडळी, एवढं प्लॅनिंग केलं, एवढं डोकं लढवलं, स्पीकरवरच्या फोनवर सगळं कबूल करून अख्ख्या चाळीत अब्रू घालवली. आणि या सगळ्यातून शेवटी माझं वाचलं काय?

बायकोचं तिकीट!