मामांनी सांगितलं नव्हतं

मामा गेले त्या दिवशी पोलिओचा रविवार होता. मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते आणि शाळेच्या व्हरांड्यात बूथ मांडून बसले होते. दुपारी समोरचा दुकानदार स्वतः चालत आला. फोन त्याच्याकडेच होता.

"बाई, वरवंडवरनं फोन व्हता. तुमचे मामा वारले."

मी "बरं" म्हटलं. समोर तीन बायका लेकरं घेऊन उभ्या होत्या. त्या तिन्ही लेकरांना थेंब पाजले, त्यांच्या करंगळ्यांवर शाईची खूण केली, आणि मग डोस ठेवायच्या पेटीचं झाकण लावून भिंतीला टेकून बसले. पेटी टाकून जाता येत नव्हतं. पेटी न्यायला आरोग्य केंद्राची जीप येईपर्यंत दीड तास गेला. रडूही आलं नाही.

न्हावऱ्याहून चौफुल्याची एसटी मिळाली, पण गळिताचा हंगाम होता. उसाच्या ट्रॅक्टरांमागून गाडी रांगत होती. पारगावच्या पुलावर तर ती बराच वेळ उभीच राहिली. मी वरवंडला पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परत निघाली होती. मामी म्हणाली, "थांबवलं व्हतं गं. पण दिवस बुडायला आला." मी तिला दोष दिला नाही. कुणालाच देण्याइतकं त्राण नव्हतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. केडगाव आणि पाटसच्या मधल्या एका रेल्वे फाटकावर ते गेटमन होते. बारा-बारा तासांची ड्युटी. घरी आले की आधी पाय धुवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. फार बोलणारा माणूस नव्हता. माझे वडील लवकर गेल्यामुळे माझं लग्न त्यांनी आणि आईनं मिळून लावलं होतं, न्हावऱ्याच्या पुढच्या एका गावात. मी एकोणीस वर्षांची होते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पंचमीला ते मला न्यायला आले. रात्रपाळी करून, तसेच. मी चहाची कपबशी पुढं केली तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या उजव्या कानाची पाळी फाटलेली होती. नवऱ्यानं कानातलं ओढलं होतं, त्याला आठ दिवस झाले होते. मी पदर पुढं ओढला. मामांनी चहा संपवला आणि म्हणाले, "पिशवी भर."

सासू म्हणाली, "चार दिसांनी पोचती करा."

"बघू," मामा म्हणाले.

एसटीत त्यांनी एक शब्द विचारला नाही. चौफुल्याला उतरल्यावर मात्र थांबले. "रस पिती का?" आम्ही दोघांनी उभ्यानं उसाचा रस प्यायला. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

पंचमी झाली. नवरा न्यायला आला. मामा उंबऱ्यात बसले होते, ते उठलेच नाहीत.

"ती न्हाई येणार."

"मग कवा येऊ?"

"यायचंच न्हाई."

पुढं भावकी बसली, माझी आईसुद्धा म्हणाली की बाईच्या जातीला सोसावं लागतंच. मामा ऐकून घ्यायचे आणि ड्युटीला निघून जायचे. त्या वर्षी त्यांनी माझा नर्सिंगचा फॉर्म आणला. मुलाखतीला बरोबर आले आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपून गेले. मला नोकरी लागली तेव्हाही एवढंच म्हणाले, "आता जेवन येळंवर कर."

दहावा पारगावला नदीवर झाला. मंडप, माईक, सगळं होतं. एका पुढाऱ्यानं श्रद्धांजली वाहताना मामांनी साखर कारखान्याची तीस वर्षं सेवा केल्याचं सांगितलं. कुणी दुरुस्त केलं नाही. मलाही वाटलं, जाऊ दे. आता काय फरक पडतो.

दुपारी घरी एक म्हातारी बाई भेटायला आली. मामीच्या शेजारी थोडा वेळ बसली, डोळ्यांना पदर लावला आणि गेली. मी तिला ओळखलं नाही. "कोण गं ही?"

मामी आडवी झाली होती. छताकडं बघतच बोलली. "हिच्या लेकाशी आपल्या पोरीचं ठरलं व्हतं. सुपारी फुटली व्हती."

"मग?"

"मग काय. तुला आणली."

मामीच पुढं सांगत गेली, आवाज न चढवता. त्या लोकांनी निरोप धाडला होता की आधी भाचीला नांदायला घाला, मग आपण तारीख काढू. मामा म्हणाले होते, मग ऱ्हाऊ द्या. त्यानंतर चार वर्षं मामेबहिणीला स्थळ आलं नाही. शेवटी तिला दौंडला दुसरेपणावर दिली. नवऱ्याला आधीचा एक मुलगा होता. तिच्या लग्नात मी हौसेनं हळद वाटली होती, आणि हातात पहिल्या पगाराचं पातळ घेऊन मिरवले होते. त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

"तुझ्या कानावर घालायचं न्हाई, म्हनले व्हते," मामी म्हणाली.

मामेबहीण मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिच्या शेजारी बसून विसळायला घेतली. तीन-चार पातेली झाल्यावर विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"माझा राग आला असंल."

"लई आला. दोन-तीन वरीस तुझं तोंड बगू वाटत नव्हतं." तिनं कढईला राख लावली. "आता दमले. पोरगं बारावीला हाय त्याचं, मलाच आई म्हनतंय. राग धरून कुटं कुटं जाऊ."

"आणि मामांचा?"

"त्यांचा धरता आला न्हाई. माझ्यासंगं ते दोन महिने बोललेच न्हाईत. म्या रुसले म्हनून न्हाई. त्यांनाच तोंड दाखवू वाटत नसंल." मग म्हणाली, "ती परात इकडं दे."

मी माफी मागितली नाही. कशाची मागायची होती? परत गेले असते तर मी जगले असते की नाही, सांगता येत नाही. आणि तिची चार वर्षं कुणाकडं मागायची, हेही मला आजवर कळलेलं नाही. मामांना विचारता आलं असतं तर ते नुसते कूस बदलून झोपले असते, एवढं मात्र नक्की.

तेरावा करून मी कामावर परतले. रजिस्टरं साचली होती, त्यात आठवडा गेला. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी वरवंडला जाऊन मामीचं बीपी बघते, गोळ्या देते. मामेबहीणही दौंडहून येते. आम्ही दोघी मामीचं डोकं विंचरतो, ज्वारी निवडतो, मामेबहिणीच्या पोराच्या परीक्षेचं बोलतो. संध्याकाळच्या एसटीत मला बसायला जागा मिळते, आणि बहुतेक वेळा न्हावरं येईपर्यंत मी झोपलेली असते.