भित्र्याची नळी

सादिरकुलची मला दया येत नाही, उगाच खोटं कशाला बोलू? गर्वाने माणूस बुडतो म्हणतात. हा बुडालाही नाही. वर आला, आणि ते जास्त वाईट झालं.

बालिकचीच्या धक्क्यावर मी धुरी दिलेले मासे विकते. तिथून त्याची होडी दिसायची. इसिक-कुल तळ्याच्या बुडाशी जुन्या आरमाराचं लोखंड पडलेलं आहे. सादिरकुल पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचा, लोखंडाला दोर बांधायचा, आणि वर त्याचा मेहुणा मेदेत कप्पी फिरवायचा. पाण्याची खोली सांगायला सादिरकुलच्या मनगटावर एक जाडजूड काट्याचं माप होतं. आरमारात, समुद्रावर नोकरीला होता तेव्हापासूनचं. किती खोल गेलं तर किती वेळ थांबायचं, घाईने वर आलं तर अंग लुळं पडतं म्हणून वर येताना दोराला धरून किती दम खायचा, तो तक्ताही तिथलाच, त्याला तोंडपाठ.

पुढे तो काटा अधूनमधून अडकायला लागला. बायको झुराकान मागे लागली, "अहो, जोडीला दुसरं काहीतरी घ्या, नाहीतर पाण्यात पाय टाकू नका."

गेला बिश्केकच्या जुन्या बाजारात. दुकानदाराने तसंच दुसरं काट्याचं माप पुढे केलं. हा म्हणाला, "एकाला जो रोग तोच दुसऱ्याला झाला, तर जोडी काय चाटायची?" मग सेलवर चालणारं एक चकचकीत दाखवलं. ते थंडीत मान टाकेल म्हणून नको. शेवटी टोपलीच्या तळातून त्याने सगळ्यात छोटी आणि स्वस्त वस्तू उचलली. वाटीच्या बुडाएवढी तबकडी, तिच्या कडेने फिरलेली पारदर्शक नळी. काटा नाही, स्प्रिंग नाही. नळीचं एक तोंड उघडं. खाली गेलं की पाणी आत शिरतं, हवा दबते, आणि पाण्याची रेघ थांबेल तो आकडा वाचायचा. बिघडायला आत काही नाहीच; उतरण्याआधी फुंकर मारून आतलं पाणी काढलं की झालं. एवढी अक्कल त्याला होती, हे मीही मान्य करते.

पण पाण्यात दोघांचं जमेना. काटा अठ्ठावीस मीटर म्हणायचा तेव्हा नळी छत्तीस म्हणायची. सगळ्या धक्क्याने नळीला खोटारडी ठरवलं. सादिरकुल मात्र तक्त्यात छत्तीसच धरायचा. लवकर निघायचा, वर येताना दोराला लटकून बसायचा, आणि होडीतली माणसं थंडीने कुडकुडत शिव्या घालायची.

"दाजी, खाली अंडी उबवता काय?" मेदेत ओरडायचा. "बहिणीला सांगतो, तुमच्यासाठी खुराडं बांध म्हणून."

आमच्यात मेहुण्याने दाजीची टर उडवायची आणि दाजीने ती गिळायची. समारंभात बूट लपवायचे, मेहुणा मागेल ती सोडवणूक दिल्याशिवाय परत करायचे नाहीत. रागावला तो दाजी कसला! त्या शरदात मेदेतच्या पोराचा पाळणा होता. सादिरकुल हात धुवायला उठला तेवढ्यात मेदेतने बुटांना हात न लावता त्याच्या जाकिटाच्या खिशातली नळी लांबवली.

"सोडवणूक मेंढा नको," जेवणाला अंथरलेल्या दस्तरखानाच्या टोकाला उभा राहून तो म्हणाला. "दाजींनी तीनदा म्हणायचं, मी भित्रा आहे."

हसून हसून लोकांच्या हातातला चहा सांडला. मीही हसले. झुराकान कानाशी लागली, "म्हणून टाका ना, थट्टाच आहे." सादिरकुलचं तोंड कानापर्यंत लाल झालं.

"ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "खोटं बोलणारी वस्तू हवीय कोणाला?"

तीन शब्द, तीनदा. जीभ उचलली असती तर बाकीचं सगळं वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो नुसत्या काट्यावर उतरला. काटा अडकला नाही, अठ्ठावीस म्हणाला, आणि याने तक्त्यात अठ्ठावीसच धरले. जास्त वेळ राहिला, मोठा तुकडा बांधला, दोराशी फारसा न थांबता वर आला. मेदेतने टाळी दिली. "आज दाजी बाप्या झाले!" सादिरकुलने रबरी पोशाख उतरवला, कपडे केले, बूट चढवले, चहा घेतला. बऱ्याच दिवसांनी हसत होता.

होडी धक्क्याला लागली तेव्हा तो बसूनच राहिला. "मेदेत, माझे बूट दे," म्हणाला. "पुरे झाली आता थट्टा."

बूट त्याच्या पायांतच होते.

काराकोलच्या डॉक्टरने दोन्ही मापं ऐकून घेतली. म्हणाला, "तक्ता समुद्राचा आणि तळं डोंगरावरचं. इथली हवा विरळ, म्हणून इथले अठ्ठावीस अंगाला समुद्रातल्या छत्तीससारखे पडतात. नळी इथलीच हवा भरून खाली जाते, तिचा आकडाच तक्त्याला लागू होता." पाय परत येणार का, हे त्याला कोणी विचारलं नाही.

बर्फ पडायच्या आधी मेदेत नळी घेऊन आला. झुराकानकडे मासे पोचवायला आलेली मी तिथेच होते. सादिरकुल खिडकीशी, गुडघ्यांवर घोंगडी. मेदेतने मान वर न करता हात पुढे केला. "घ्या, दाजी."

"असं कसं? सोडवणूक राहिलीय."

"नको हो दाजी. पाया पडतो."

"रीत म्हणजे रीत," सादिरकुल म्हणाला, आणि मेदेतच्या डोळ्यांत बघत सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाला, "मी भित्रा आहे. मी भित्रा आहे. मी भित्रा आहे."

मग नळी घेतली, तोंडाला लावून पूर्वीसारखी फुंकर मारली आणि खिशात ठेवली. झुराकानने चहा ओतला. मेदेतला तो प्यावा लागला.