रायफलीतल्या पाच अक्षता

काल सायकलच्या साखळीला तेल घालताना तोच वास आला आणि नेदरलँड्समधल्या टिलबर्गजवळचं ते बंदुकीचं दुकान आठवलं. माझे डच सासरे वारल्यावर त्यांची शिकारीची रायफल तिथे ठेवली होती. ती दुरुस्त करून, परवान्याची परीक्षा देऊन मी वापरायची, की नष्ट करायला द्यायची, हे बायकोने माझ्यावर सोपवलं होतं. सोबत दसऱ्याला पुण्याहून आलेला दादा होता. झुरळसुद्धा वहिनीकडून मारून घेणारा हा माणूस म्हणाला, "ठेव रे. घराण्यात शस्त्र हवं." मी म्हणालो, "दादा, आपल्या घराण्यात विळीच्या पुढे कोणी गेलेलं नाही." म्हातारा दुकानदार कागद आणायला आत वळला, तेवढ्यात दादाने खिशातल्या पुडीतलं कुंकू दस्त्याला लावलं आणि अक्षता वाहिल्या, त्यातल्या काही नळीत गेल्या. मग रायफल उचलून खांद्याला लावली, नेम धरला आणि छाती काढत म्हणाला, "फोटो काढ." मी काढला. दुकानदाराने परत येऊन नळी उलटी केली, तांदळाचे पाच दाणे मोजून माझ्यापुढे ठेवले आणि डचमध्ये विचारलं, "हरणांना खायला घालायचा विचार आहे का?" दादाला वाटलं, कौतुक चाललंय, तो हसला. मी तिथेच रायफल नष्ट करायच्या कागदावर सही केली. "भित्रा आहेस," दादा म्हणाला. तो फोटो आजही त्याच्या दिवाणखान्यात आहे. पाहुण्यांना तो सांगतो, नेम बघा. नेम माझ्यावर होता. फोटो मीच काढत होतो.