फडक्यात राहिलेलं

रंगारीणबाईंचा जबडा मोडला तो शिडीवरून पडून नव्हे. शिडीवर त्या वीस वर्षं चढल्या-उतरल्या, कधी पाय घसरला नाही. पडल्या त्या चांगल्या जमिनीवर उभ्या असताना. एका शाळेच्या जिन्याचा कठडा रंगवून झाला होता. ब्रश धुवायला म्हणून वळल्या, तर स्वतःच ठेवलेल्या डब्यात पाय अडकला आणि हनुवटी थेट पायरीवर आपटली.

हाड दोन जागी तडकलं. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, चावायचं तर नावच नको. जे घ्यायचं ते पातळ, शेवटच्या दाढेमागे जी फट असते तिथून, नळीनं. कधी उलटी झाली किंवा श्वास कोंडला तर तारा कापायला म्हणून एक छोटी पक्कड गळ्यात दोरीनं अडकवून दिली. हत्यार गळ्यात बांधून हिंडायची बाईंना सवय होतीच.

दीर बघायला आला. बस चालवायचा, त्यामुळे सगळीकडे घाईतच असायचा. दारातूनच म्हणाला, "वहिनी, आता सहा आठवडे घरात बोलणार कोण?"

"मीच," बाई दातांतल्या दातांत म्हणाल्या. "ऐकणाऱ्यांनी जवळ बसायचं."

येताना त्यानं ताकदीच्या पावडरीचा मोठा डबा आणला होता. बाईंनी तो उलटा केला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. रंगाच्या डब्यावरचं वाचल्याशिवाय त्यांनी कधी झाकण उघडलं नव्हतं. तिसऱ्या ओळीत दुधाचा अंश निघाला. डबा दिराच्या हातात परत गेला.

दूध म्हणजे बाईंचा वैरी. लहानपणापासून चमचाभर जरी पोटात गेलं तरी ओठ सुजायचे आणि छातीत शिट्टी वाजायची. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंना हे नुसते नखरे वाटले होते. एकदा त्यांनी गुपचूप खाण्यात सायीचा चमचा घातला, आणि अर्ध्या तासात निळ्या पडलेल्या सुनेला घेऊन दवाखान्याकडे पळाल्या. त्या दिवसापासून सुनेच्या ताटात काय जातं यावर पहारा सासूबाईंचाच.

आता तर नळीत काय जातं हेही त्यांच्याच हातात आलं. त्या कामाला लागल्या. मसुराची डाळ शिजव, कोंबडी उकड, अंडं उकडून कुस्कर. सगळं मिक्सरमधून काढायचं आणि मग गाळायचं.

गाळणं हे सासूबाईंचं आयुष्यभराचं काम. नवरा रंगारी, मुलगा रंगारी, मुलगा गेल्यावर त्याचे ब्रश उचलणारी सूनही रंगारीण. तिघांचाही रंग रोज सकाळी दाराशी बसून मलमलीच्या फडक्यातून गाळून दिला तो सासूबाईंनीच. न गाळलेला थेंब भिंतीला लागता कामा नये हा घरचा कायदा होता. गुठळी एक असली तरी अख्खी भिंत ओरडून सांगते, असं सासरे म्हणायचे.

म्हणून नळीत पहिल्याच दिवशी डाळीचा कण अडकला तेव्हा बाईंनी पेटीतून कोरं फडकं काढून दिलं. "आई, ह्यातून काढा. सगळ्यात बारीक विणीचं आहे."

"मला शिकवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. फडकं पिळून, मुरगळून, शेवटचा थेंब काढेपर्यंत त्यांनी गाळलं. मग जे निघालं ते इतकं निर्मळ होतं की पेल्याचा तळ दिसत होता. दिवसातून पाच पेले बाई निमूट ओढायच्या. एक थेंब ठेवायच्या नाहीत.

आणि वजन उतरत गेलं. पडल्या तेव्हा चोपन्न किलो होत्या. पहिल्या मंगळवारी एक्कावन्न भरल्या, दुसऱ्या मंगळवारी एकोणपन्नास आठशे. दंडाचं मांस सैल पडलं. पेला उचलताना उजव्या हाताला डाव्याचा आधार लागायला लागला. ज्या हातानं छताच्या कडेची रेघ पट्टीशिवाय ओढायच्या, त्याच हाताला.

दवाखान्यात आहार सांगणाऱ्या मॅडम होत्या, तरुण, कानामागे पेन्सिल खोचलेल्या. त्यांनी सगळं विचारून लिहून घेतलं. मग कागदाकडे बघत राहिल्या.

"यादी तर बरोबर आहे. दूध नसलं तरी डाळ आहे, कोंबडी आहे, दोन अंडी आहेत. दिवसाला सत्तर ग्रॅम प्रथिनं पाहिजेत, ती जवळपास होतायत. मग जातंय कुठे?"

"मी सांडत नाही," बाई म्हणाल्या.

"ते दिसतंय. पण हाड जुळायला माल लागतो. पुढच्या मंगळवारी एकोणपन्नासच्या खाली आलात, तर डॉक्टर भरती करून घेतील आणि नाकातून नळी घालतील. माझ्या हातात राहणार नाही."

बाई घरी आल्या त्या मागच्या दाराच्या पायरीवर टेकल्या. नाकातली नळी त्यांना नको होती. दुसऱ्याच्या हातून जगायचं आणि पडून राहायचं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. मॅडमचा प्रश्न डोक्यात घुमत होता. जातंय कुठे?

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून बोका आत यायला लागला. गल्लीचा बोका, कोणाचाच नसलेला. ही त्याची रोजची वाट. आज डोकं आलं, खांदे आले आणि पोट अडकलं. पाय झाडत, अंग ओढत तो कसाबसा सुटला आणि काही झालंच नाही अशा थाटात स्वयंपाकघराकडे निघाला. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता पाठीवर पेला ठेवला असता तर हलला नसता.

आतून सासूबाई आल्या. हातात पिळलेलं फडकं. त्यांनी ते बोक्याच्या वाटीवर झटकलं, तसा मुठीएवढा पिवळट गोळा वाटीत पडला.

"आई, ते काय?"

"गाळ. काय असणार?"

बाई उठल्या. बोक्यानं तोंड घालायच्या आत वाटी उचलली आणि गोळ्यातली चिमूट दोन बोटांत चोळली. डाळ. कोंबडीचे तंतू. अंड्याचं पांढरं, सगळंच्या सगळं. वीस वर्षं बोटांनी रंग पारखला होता, अंगठ्याखाली काय आहे ते कळायला वेळ लागला नाही.

"रंगातला गाळ टाकायचा असतो, आई. ह्यातला गाळ हाच रंग आहे. आपण रंग बोक्याला दिला आणि धुवण भिंतीला लावलं."

सासूबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग बोक्याकडे. मग खाली बसल्या.

"म्हणजे पंधरा दिवस मी तुला..."

"फडकं मी दिलं होतं. बारीक विणीचं निवडलं मीच."

"एकदा साय घालून मारत होते, आता न घालता," सासूबाई म्हणाल्या.

"दोन्ही वेळा जमलं नाही तुम्हाला. उठा. मिक्सर कुठंय?"

रडायला बाईंना परवडत नव्हतं. नाक चोंदलं असतं तर नीट श्वास घ्यायला दुसरी वाट नव्हती. त्यांनी मॅडमना फोन लावला, दातांतून सगळं सांगितलं. पलीकडे हसू दाबल्याचा आवाज. मॅडम म्हणाल्या, "गाळूच नका. सालं काढलेली डाळ घ्या आणि वाटा, वाटत राहा. घट्ट झालं तर पाणी नका घालू. कोंबडीचा रस्सा घाला नाहीतर सोयाबीनचं दूध. आणि मऊ टोफू आणा, तो मिक्सरमध्ये लोण्यासारखा होतो."

"लोण्याचं नाव नको," बाई म्हणाल्या.

पाणी घालून वाढवलेला रंग भिंत झाकत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. गंमत एवढीच की स्वतःच्या पोटाला तो नियम लावायचं कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळपासून स्वयंपाकघराचा कारखाना झाला. डाळ गिच्च शिजवायची, गरम असतानाच फिरवायची, थांबायचं, पुन्हा फिरवायची. तीनदा. मग बाई रंग ढवळायची नवी काठी त्यात बुडवून वर उचलत. गुठळी पडली तर परत मिक्सरमध्ये. न तुटता तार धरून ओघळलं तर नळीतून जाणार. सासूबाईंना काठीची भाषा येत होतीच, दोन दिवसांत त्या मिक्सरच्या आवाजावरूनच ओळखायला लागल्या. उकडलेली अंडी रश्शात वाटली गेली. टोफूत शेंगदाण्याचं लोणी घालायचं ठरलं, ह्या लोण्यात दूध नाही याची खात्री बाईंनी डब्यामागचं वाचून केली तेव्हाच.

चव मात्र बेताची. कोंबडी वाटली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, हे बाईंना नव्यानं कळलं.

"कसं आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रायमर."

"प्रायमर कधी खाल्लंस?"

"आत्ता."

पेला मोठा असला की पोट गच्च व्हायचं आणि मळमळायचं. उलटीची तर भीतीच. म्हणून बाईंनी पाचाचे आठ पेले केले, लहान. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन बरे, हेही धंद्यातलंच. नळी चोंदली की कोमट पाणी सोडायच्या. चौथ्या दिवशी एवढा कंटाळा आला की पेला भिंतीवर फेकावासा वाटला. मग ती भिंत पुन्हा आपल्यालाच रंगवायची आहे हे आठवलं, आणि त्यांनी पेला संपवला. बोका वाटीपाशी बसून दोघींकडे दगाबाजांकडे बघावं तसा बघत होता.

मंगळवार आला. दवाखान्यात काट्यावर चढायच्या आधी बाईंना कामाचा डगला नेहमीपेक्षा जड लागला. खिशात हात घातला. पुट्टी लावायची रुंद लोखंडी पट्टी निघाली. दुसऱ्या खिशातून दुसरी.

बाईंनी वळून पाहिलं. सासूबाई भिंतीवरच्या रंगाची पोपडी मोठ्या आस्थेनं न्याहाळत होत्या.

"आई."

"काम किती वाईट केलंय बघ इथे. पुट्टीच नाही भरलेली."

"म्हणून पट्ट्या आणल्यात होय?"

"नाकात नळी नको तुझ्या," सासूबाई भिंतीलाच म्हणाल्या.

बाईंनी दोन्ही पट्ट्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. मग गळ्यातली पक्कडही काढून त्यांच्याशेजारी ठेवली. चपला काढल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या, हात बाजूला, मान सरळ.

काटा थोडा हलला आणि थांबला. मॅडमनी वाकून वाचलं, पेन्सिल कानामागून काढली.

"पन्नास शंभर. तीनशे ग्रॅम वाढलंय."

सासूबाई येऊन स्वतः वाचून गेल्या. मग पट्ट्या उचलून पिशवीत टाकल्या.

"नळी टळली," मॅडम म्हणाल्या. "पण अजून तीन आठवडे आहेत."

"आठ पेल्यांचे नऊ करते," बाई म्हणाल्या आणि पक्कड परत गळ्यात अडकवली.