धुतलेला चेंडू

"हुंग. वास गेला का सांग."

शिट्टीवाला साहेब असं म्हणाला तेव्हा मी नळापाशी उकिडवी बसले होते. हातात त्यांचा चेंडू, कोपरापर्यंत फेस. दुसऱ्यांदा धुतला होता. पाठीमागं बारा उंच माणसं, कमरेवर हात. मी हुंगला. "गेला," म्हटलं. त्यानं लांबूनच नाक मुरडलं. "नाही गेला. परत धू."

पाय आधीच गेले होते. घिवलीहून वसाहतीपर्यंत दोन तासांची चाल, डोक्यावर पापलेटांची टोपली. वीजघराचं काम तेव्हा चालू होतं. साहेबलोकांची वसाहत उठली आणि आमचं गिऱ्हाईक तिकडं गेलं. तिथल्या सिमेंटच्या मैदानावर मुंबईच्या एका कंपनीचा बास्केटबॉलचा संघ सरावाला उतरला होता. ह्यांना खेळायचा पगार मिळतो म्हणे. आई म्हणाली, "आन् आमी दिवसभर करतो ते काय मग?"

पण मला त्या खेळाचं वेड लागलं, खरं सांगते. टोपलीत चेंडू टाकायचा, आणि टोपलीला तळच नाही. कोळणीला हसू येणारच. त्यांच्या संघाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारी मासळी दिली की मी कुंपणाच्या तारेला धरून उभी राहायची. सात नंबरचा गडी माझा लाडका. डावखुरा. टाकण्याआधी चेंडू तीनदा आपटायचा. दोनदाच आपटला की हमखास चुकायचा. त्याच्या साहेबाला हे कळलं नव्हतं, मला कळलं होतं. घरी जाताना अंग ठणकायचं तरी मी त्याचेच चेंडू आठवत चालायची.

चौथ्या दिवशी मासळी द्यायच्या आधीच कुंपणाशी थांबले, आणि चेंडू कुंपणावरून उडून भाताच्या खाचरात गेला. सात नंबर ओरडला, "ए बाई, चेंडू!" माझ्या लाडक्यानं मला हाक मारली. धावले मी. आमच्या घरात कुणाची वस्तू पोचवायची तर डोक्यावरून. काखेत मारून नेली की आई बोलायची, "मानसाला काय किंमत हाय का नाय?" म्हणून चेंडू पदरानं पुसला, टोपलीत पापलेटांवरच्या पानांवर ठेवला आणि डोक्यावर घेऊन फाटकातून आत गेले. मोठ्या मानानं.

सात नंबरनं चेंडू घेतला, नाकाशी नेला आणि खाली टाकला. "शी, मासळीबाजार केला ह्याचा." सगळे हसले. तोही हसला. साहेबानं नळ दाखवला.

तिसऱ्यांदा साबण घेतला तेव्हा शेजारचा खरकट्याचा कट्टा दिसला. त्यावर बारा ताटं, ताटांत माझ्या कालच्या पापलेटांचे काटे, चोखून साफ केलेले. मेल्यांनो, गिळताना नाक कुठं ठेवता? हे मनात. तोंडानं एवढंच म्हटलं, "मी नाय धुवत."

चेंडू फेसातच ठेवला. टोपली उचलली. स्वयंपाकी मागून आला, "अगं, मासळी?"

"तुमाला नाय."

भरली टोपली तशीच दोन तास उन्हातून परत आणली. मासळी मऊ पडली. आई म्हणाली, "पोटावर पाय मारून आलीस, बाय." खरं होतं ते. माझ्यात रडायचंही त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टोपली घेतली नाही. रिकामी गेले. कुंपणाशी नाही, आत, सावलीतल्या बाकावर बसले. साहेब आला. "इथं काय काम?"

"खेल बघते."

मी उठले नाही. शेवटी तो शिट्टी वाजवायला गेला.

सात नंबरनं दोनदाच आपटून चेंडू टाकला. चुकला. चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. सगळे थांबले. मी हात मांडीवर ठेवले होते, ते तिथंच ठेवले. सात नंबरला यावं लागलं, माझ्या पायाशी वाकावं लागलं. त्यानं वर बघितलं नाही.

खेळ मी बघणार, बाकावर बसूनच. आणि ह्या हातांचा वास धुऊन कुणालाच दाखवणार नाही.